शाळेच्या अंकापायी मुलगी झोपत नाही, काम सोडायला लावू का?

स्नेहसंमेलन जवळ आलं की हा प्रश्न घेऊन बेळगावातले पालक माझ्याकडे समुपदेशनाला येतातच. शाळेचा वार्षिक अंक त्या दिवशी छापून हातात पडायला हवा आणि तो मुलांनीच करायचा, मग घरात चिडचिड ठरलेलीच. वडगावची एक आई आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत), म्हणाली, "मॅडम, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल घेऊन बसायलीय वो, डबा तसाच परत येतोय, पुढच्या वर्षी एसएसएलसी (दहावी) हाय, अंकातनं नाव काढून घेऊ काय?"

मुलगी नववीत, मराठी मीडियम, अंकाची संपादक. आधी गप्पच होती, मग म्हणाली की प्रेसवाल्यांनी तारीख दिलीय आणि काहीच झालेलं नाही. मी म्हटलं वही दाखव. 64 पानी अंक, मराठी, कन्नड, इंग्रजी असे तीन विभाग, आणि वहीत कामांची लांबलचक यादी पण एकाही कामापुढे कुणाचं नाव नाही, म्हणजे सगळं हिच्याच डोक्यावर. ग्रुप फोटो व्हॉट्सॲपवर आलेले, छापायला गेले तर चेहरे धूसर येणार, ते परत डॉक्युमेंट म्हणून मागवायचे होते पण कुणाला परत परत सांगायला हिला लाज वाटायची. कन्नडचं तर विचारूच नका, नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधला मजकूर प्रेसच्या कॉम्प्युटरवर उघडला की ओत्तक्षरं (जोडाक्षरात खाली लागणारी अक्षरं) भलतीकडेच, आणि ही पोरगी रात्री एकेक अक्षर मूळ कागदाशी ताडून बघत बसायची, का तर कन्नडच्या सरांना आपलं कन्नड कच्चं आहे ते कळेल म्हणून!

म्हणजे काम जास्त होतं हे खरंच, पण झोप उडवली होती ती मागायच्या भीतीनं.

मग आम्ही तिथंच पानं मोजली. 16 पानांचा एक फॉर्म, म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा गट, धरला तर चार फॉर्म, त्यातले मधले दोन जवळजवळ तयार निघाले. पानांचा क्रम पक्का असेल तर तयार फॉर्म आधी छापायला देता येतात, सगळा अंक एकदम द्यावा लागत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. उरलेल्या प्रत्येक कामापुढे एक नाव लिहायला लावलं, कन्नड प्रूफापुढे सरांचं. ते नाव लिहायला तिनं बराच वेळ घेतला. आईला सांगितलं की आत्ता काढून घेऊ नका, अर्ध्यात काढलं तर "मला जमलं नाही" एवढंच पोरीच्या मनात राहील, पण रात्री साडेदहाला मोबाईल तुमच्याकडे. या वयाला 8 ते 10 तास झोप लागते, ही पाचावर आलेली.

शाळेतल्या मॅडमना पण फोन केला, आईला विचारूनच. शेवटच्या आठवड्यात पाहुण्यांचे शुभेच्छा संदेश आणि फोटो घुसवायचे असतात ते मोठ्यांनाच, आणि रात्री जागतात मुलं, त्यामुळे "आता नवीन काही घेणार नाही" हे मोठ्यांनीच सांगायला हवं, नववीतली पोर हेडमास्तरांना काय सांगणार? मॅडमनी ऐकलं, थोडी कुरकुर करून.

अंक वेळेत आला. एका फोटोखाली दोन नावांची अदलाबदल झाली होती, त्याची चिठ्ठी छापून आत घातली.

अंक छापून झाल्यावरही झोप-जेवण ताळ्यावर येत नसेल तर मात्र थांबू नका, दाखवा. आणि मूल जीव द्यायचं काही बोलायला लागलं तर अंक संपायचीसुद्धा वाट बघू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, कन्नडमध्येच बोलावं लागेल असंही नाही.