आठवड्याला दोन लिटर ऑइल आणि गहाण पडलेलं गंठण

निपाणीजवळून एका ट्रकमालकांचं पत्र आलंय. वय ४१, गाडी स्वतःच चालवतात. २०११ चं मॉडेल, सहा चाकी, सोळा टनी. बेळगावची भाजी गोव्याला, परतीला मिळेल ते भाडं, हंगामात कारखान्याची साखर. इंजिन ऑइल गळतंय, आठवड्याला दोन लिटर वरून ओतावं लागतं. मेस्त्री म्हणतो, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन खोलायला पाहिजे, १ लाख ६० हजार. त्यांचा प्रश्न: सोनं ठेवून काम करून घेऊ, की ही गाडी काढून हप्त्यावर नवी घेऊ?

सोबत कागदांचे फोटो आहेत. मेस्त्रीचा अंदाज कन्नडमध्ये, विम्याची पॉलिसी इंग्रजीत, पत्र मराठीत. आपल्या भागात हे नेहमीचंच. प्रश्न मेस्त्रीच्या कागदाबद्दल आहे, पण मला घाम फोडला तो पॉलिसीच्या कागदानं. तरी आधी विचारलेल्याचं उत्तर देतो.

आठवड्याला दोन लिटर म्हणजे साडेतीनशेच्या भावानं ७०० रुपये, वर्षाला ३५ हजार. १ लाख ६० हजारांवर १२ टक्के व्याज वर्षाला १९-२० हजार होतं. म्हणजे गळती थांबून वाचणाऱ्या पैशांतले निम्म्याहून जास्त व्याजातच गेले, मुद्दल तसंच उभं. इंजिन खरोखर खलास झालं असेल तरच हा खर्च पटतो. आणि तुमच्याच पत्रातल्या तीन गोष्टी सांगतात की तसं काही दिसत नाही.

अ‍ॅव्हरेज पूर्वीइतकंच आहे, असं तुम्ही लिहिलंय. सायलेन्सरमधून निळा धूर नाही. आणि चोर्ल्याच्या चढाला ‘इंजिन ओरडतंय, पण गाडी ओढत नाही’. हे तिसरं वाक्य मी दोनदा वाचलं. मेस्त्रीनं त्याचा अर्थ ‘कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलं’ असा लावला. कॉम्प्रेशन गेलं तर इंजिन दमतं, ओरडत नाही. आवाज चढतोय आणि वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. त्यात ऑइल इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ठिबकतंय, हे तुमच्या फोटोत दिसतंय. फ्लायव्हीलच्या मागचं क्रँकचं ऑइल सील गेलं की ऑइल क्लच प्लेटवर उडतं आणि प्लेट घसरते. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असण्याची शक्यता मोठी आहे.

गंमत बघा, इंजिनाचं सगळं काम केलं तरी गिअरबॉक्स उतरतोच आणि हे सील बदललं जातंच. गळती थांबेल, मेस्त्री म्हणेल, ‘बघा, सांगितलं होतं की नाही!’ आणि कुठल्या सीलसाठी दीड लाख गेले ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

खात्री अशी करा. इंजिन डिझेल मारून, मग पाण्यानं नीट धुऊन घ्या आणि पूर्ण सुकू द्या. संशयाच्या जागी टाल्कम पावडर शिंपडा. वीस मिनिटं चालू ठेवून बॅटरीच्या उजेडात वरून खाली बघा. ऑइल खाली वाहतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागं जातं. त्यामुळे टॅपेट कव्हरचं (इंजिनावरच्या झाकणाचं) पॅकिंग वर गळत असलं तरी तळाचं ऑइलचं चेंबर ओलं दिसतं आणि माणूस चेंबरचे बोल्ट आवळत बसतो. ते बोल्ट जास्त आवळू नका. पॅकिंग चेपून बाहेर येतं आणि गळती वाढते. सांध्यातलं तेल बोटावर घेऊन वासही घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र दर्प असतो. तसा आला तर सील इंजिनाचं नाही, गिअरबॉक्सचं गेलंय.

मग ब्रीदर. इंजिनातला वायू बाहेर सोडणारा तो पाइप चिखलानं, काजळीनं किंवा कुंभारमाशीच्या घरानं बुजला की आत दाब साठतो आणि ऑइल सगळ्यात कमकुवत सीलमधून बाहेर पडतं. ब्रीदर साफ न करता नवं सील घातलं तर दोन महिन्यांत तेही गळेल. पाइप साफ केल्यावर गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं टोपण काढा. हलका वाफारा चालतो. भकाभका धूर उसळला तर मात्र मेस्त्रीचं खरं, आणि मी माझे शब्द मागं घेईन. डिपस्टिकही सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी बघा. भीतीपोटी वरच्या खुणेच्या वर ओतलेलं ऑइलही गळतीचं कारण ठरतं. गळती थांबवणाऱ्या औषधाची बाटली दुकानदार देईल, ती परत करा. रबर तात्पुरतं फुगवून ती फक्त दिवस ढकलते.

सील, क्लच प्लेट, मजुरी असं माझ्या अंदाजानं २५ हजारांत बसेल. बेळगावच्या ऑटो नगरात दुसऱ्या मेस्त्रीला दाखवा. सील बदलताना क्रँकवर जुन्या सीलनं चर पाडलाय का ते बघायला सांगा. चर असेल तर नवं सील थोडं सरकवून बसवतात किंवा स्लीव्ह घालतात.

गाडीचं एवढं पुरे. आता पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलेलं वाक्य: ‘पॉलिसीचा हप्ता पुढच्या महिन्यात आहे, त्यासाठी ७० हजार बाजूला ठेवलेत, त्याला हात लावायचा नाही. मागचा हप्ता मंडळींचं गंठण ठेवून भरला, ते अजून सोडवायचंय. आता इंजिनासाठी पाटल्या ठेवीन म्हणतो.’

अहो, गंठण ठेवून हप्ता!

पॉलिसी २०२३ ची. वर्षाला १ लाख, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी २० लाख मिळणार. ‘पैसे डबल, गॅरंटी’ असं बँकेतल्या साहेबांनी सांगितलं. डबल होतात, खोटं नाही. पण किती वर्षांत? पहिला लाख वीस वर्षं अडकतो, शेवटचा अकरा. सरासरी साडेपंधरा वर्षं. साडेपंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साडेचार टक्के. पोस्टातली ठेवही याहून बरी. आणि त्यात पैसा भरायला तुम्ही सोन्यावर १२ टक्क्यांनी कर्ज काढलंत. विकणाऱ्याचं कमिशन पहिल्याच वर्षी सुटलं, व्याज मात्र तुम्ही आजही भरताय.

यात विमा किती? दहा लाख. घरात आई, बायको, दोन शिकणारी मुलं, खर्च महिन्याला २५ हजार. दहा लाख साडेतीन वर्षंही पुरत नाहीत.

आणि गाडी कमावते ना, असं म्हणू नका. ती किती कमावते ते बघू. ‘सगळं जाऊन महिन्याला ४५ हजार राहतात’ असं तुम्ही लिहिलंय. त्या ‘सगळ्या’त डिझेल, टोल, हमाली, क्लीनर एवढंच आहे. सहा टायर दोन वर्षांत सव्वा लाखाला बसतात, महिना ५ हजार. इन्शुरन्स, टॅक्स, आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी लागणारं फिटनेस मिळून ५ हजार. दुरुस्ती ५ हजार. उरले ३०. उद्या तुम्ही सीटवर नसाल तर ड्रायव्हर ठेवावा लागेल, त्याचे २० हजार. म्हणजे गाडीची स्वतःची कमाई १० हजार, बाकी तुमच्या हातापायांची. त्या हातापायांचा विमा नाही. थर्ड पार्टीला तुम्ही ३५ हजारांवर भरता, ते समोरच्या माणसासाठी. मालक-ड्रायव्हरचा १५ लाखांचा अपघात विमा कायद्यानं घ्यायचाच असतो. तो एजंटानं ‘थोडे वाचतील’ म्हणून गाळलाय. वाचले किती, तर हजाराच्या आतबाहेर. तवंदीचा घाट रोज चढणाऱ्या माणसाला असला सल्ला देणाऱ्याचं तोंड बघू नका.

आता क्रमानं. बँकेत जाऊन आजच २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा, या दोन सरकारी योजना सुरू करा. दोन-दोन लाखांच्या आहेत, लहान आहेत, पण अर्ज एका पानाचा. गाडीच्या पॉलिसीला मालक-ड्रायव्हरचा विमा जोडून घ्या.

मग ५० लाखांचा टर्म प्लॅन, साठीपर्यंतचा. मुदत संपली की काही परत मिळत नाही, आणि त्यातच त्याची स्वस्ताई आहे. वर्षाला १५ हजारांच्या आसपास धरा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. तंबाखू मळत असाल तर अर्जात लिहा. निपाणीच्या माणसानं ‘नाही’ लिहिलं तर मलाच शंका येते. हप्ता चांगलाच वाढेल, वाढू दे. लपवलेल्या तंबाखूवर क्लेम अडतो.

कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागेल. ट्रकमालकांना रिटर्नमध्ये अनुमानित उत्पन्न दाखवायची सोय आहे, वजनी गाडीला टनामागे महिना १ हजार. तुमचे १६ टनांचे वर्षाला १ लाख ९२ हजार होतात आणि सगळे तेवढेच दाखवतात. त्यावर ५० लाखांचा विमा मिळणं अवघड. पण त्याच नियमात आहे की खरं उत्पन्न जास्त असेल तर जास्त दाखवायचं. तुमचं ३ लाख ६० हजार आहे, तेच दाखवा. नव्या कररचनेत ४ लाखांपर्यंत कर शून्य. खरं सांगून एक रुपया जात नाही आणि विमा मिळतो.

टर्म प्लॅनचा कागद हातात आला की जुनी पॉलिसी सोडा, त्याआधी नाही. चौथा हप्ता भरू नका. तारखेनंतर तीस दिवसांची सवलत असते, तेवढ्यात हे होईल. तीन हप्त्यांवर सरेंडरला, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडायला, किमान ३५ टक्के, लाखभर तरी मिळावेत. नक्की आकडा लेखी मागा. सोबत ‘पेड-अप’ केल्यास, म्हणजे पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवल्यास, शेवटी काय मिळेल तेही लेखी मागा. गंठणावरचं कर्ज लाखाचंच आहे. पेड-अपचा आकडा सरेंडरच्या सात पट वगैरे नसेल, तर सरेंडर करून गंठण सोडवा. कारण १२ टक्क्यांचं कर्ज सतरा वर्षांत जवळपास तेवढं फुगतं.

बाजूला ठेवलेल्या ७० हजारांतून २५ सील आणि क्लचला, १५ टर्म प्लॅनला, उरलेले ३० गाडीच्या नावानं वेगळ्या खात्यात. पाटल्या कपाटातच राहू द्या. पॉलिसीला वर्षाला जाणारा लाख म्हणजे महिना ८ हजारांहून जास्त, ते आता त्याच खात्यात टाका. टायर, फिटनेस, पुढचं इंजिन, सगळं तिथून.

नवी गाडी? सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तरी बॉडीसकट २६ लाख धरा. जुनी विकून आणि जोडून पाच भरलेत, तरी २१ लाखांचा पाच वर्षांचा हप्ता महिना ४५ हजार. तुमच्या हिशेबानं ‘सगळं जाऊन’ राहतात तेवढेच. टायर, इन्शुरन्स आणि घर त्यानंतर कशावर चालवणार ते आधी कागदावर मांडा, आणि तोवर शोरूममध्ये पाऊल टाकू नका.

बँकेतले साहेब फोन करतील, सरेंडरला दोन लाख बुडतात म्हणतील. बुडतात, हो. चौथा लाख भरून ते परत येत नाहीत, आणि फोनवर त्यांच्याशी वाद घालत बसू नका. सरेंडर आणि पेड-अप, दोन्ही आकडे शिक्क्यासह लेखी द्या, एवढंच म्हणा.