‘ऑफलोडिंग’ला ‘भारमुक्ती’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: ‘मोबाइल एज कम्प्युटिंगमधील सिक्युअर, लो-लेटन्सी टास्क ऑफलोडिंग’ याचं कुणीतरी ‘चल धार संगणनातील सुरक्षित अल्प-सुप्तता कार्य-भारमुक्ती’ असं मराठी केलं आहे. मूळ ओळीचा अर्थ इतकाच: फोननं आपलं जड काम जवळच्या सर्व्हरला धाडून, सुरक्षितपणे आणि झटपट करून घेणं. हे मराठी चालेल का?

नाही चालणार. सुटा सुटा प्रत्येक शब्द कोशात सापडेल, पण ओळ वाचून कुणाला काही कळणार नाही.

‘धार’ सुरीची. इथली एज म्हणजे नेटवर्कची कड: दूरच्या डेटा सेंटरऐवजी टॉवरजवळ ठेवलेला सर्व्हर. मी ‘काठ’ म्हणेन. ‘काठावर पास’ आठवतं खरं, पण आठवू दे. ‘चल’ तर गणितवाल्यांनी कधीच घेतलेला आहे. शिवाय एट्सी या युरोपीय मानक संस्थेनं २०१४ मध्ये या कामासाठी गट नेमला तेव्हा नावात ‘मोबाइल’ होतं. पुढे वाय-फायसारखे मार्गही त्यात बसावेत म्हणून आद्याक्षर तेच ठेवून ‘मल्टि-अ‍ॅक्सेस’ केलं. ‘मोबाइल’ जसाच्या तसा ठेवा.

‘सुप्तता’ मात्र समजण्यासारखी चूक आहे. लेटन्सीच्या लॅटिन मुळाचा अर्थ दडून राहणं, त्यामुळे रोगाच्या बाबतीत ‘सुप्तावस्था’ चपखल बसते. नेटवर्कमध्ये काहीच झोपलेलं नसतं. विचारणं आणि उत्तर येणं यांत जाणारा वेळ मोजायचा असतो. ‘उशीर’ही नको, कारण उशीर व्हायला आधी वेळ ठरलेली लागते. ‘विलंब’ बरा. ‘विलंब शुल्क’मुळे त्याला दोषाचा वास लागलाय, पण विलंबित लयीत गाणाऱ्याला उशीर झाला असं कुणी म्हणत नाही, तिथे दोन मात्रांमधलं अंतर तेवढं मोठं असतं.

हा विलंब कमी करायचा म्हणूनच काठ लागतो. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १,००० किलोमीटरवर असेल तर नुसत्या जाण्यायेण्यातच १० मिलिसेकंद गेले. रांगेत थांबणं आणि हिशेब करणं वेगळंच. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं टिपत असेल तर एका चित्राच्या वाट्याला येतात जेमतेम ३३ मिलिसेकंद.

आता मूळ शब्द, ‘ऑफलोडिंग’. ओझं उतरवलं की हमाल मोकळा. त्या पोत्याचं पुढे काय झालं याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. ‘भारमुक्ती’त हीच छटा आहे. फोनला मात्र निकाल परत हवा असतो. चित्रातली वस्तू ओळखण्याचं काम स्वतः केलं तर बॅटरी जाते, धाडलं तर रेडिओवरून पाठवण्याचा खर्च येतो आणि वेळ जातो, म्हणून कधी सगळं, कधी अर्धंच धाडायचं, कधी स्वतःच उरकायचं, हे फोनला दर वेळी ठरवावं लागतं. ‘हस्तांतरण’ही जमत नाही: त्यात मालकी जाते, आणि चालू कॉल एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जातो त्याच्याशी घोटाळा होतो. ‘उतराई’ कानाला गोड लागते, पण ती उपकारांची.

मराठीत यासाठी क्रियापद तयारच आहे: सोपवणं. सोपवलेल्या कामाची विचारपूस करता येते, आणि सोपवायला विश्वास लागतो. नाम हवं तर ‘नेमणूक’, ‘गुंतवणूक’ यांच्या चालीवर ‘सोपवणूक’. पहिल्यांदा कानाला खटकेल.

राहिलं ‘सुरक्षित’. हे विशेषण विकारी नाही, त्यामुळे लांबलचक समासाच्या डोक्यावर बसवलं की सुरक्षित नेमकं काय, संगणन, काम की सोपवणूक, हे कळतच नाही. इथे ते सोपवण्याच्या रीतीबद्दल आहे: वाटेत कुणी वाचू नये, सर्व्हर तोतया नसावा. त्या खबरदारीलाही वेळ लागतोच, म्हणून ‘सुरक्षित’ आणि ‘अल्पविलंब’ यांची मुळात ओढाताण आहे. ती दिसावी म्हणून मी दोघांमध्ये ‘तरीही’ घालेन.

माझं शीर्षक: ‘काठावरच्या सर्व्हरकडे काम सोपवताना: सुरक्षितपणे, तरीही कमी विलंबात’. प्रबंधाला ते सैल वाटलं, तर ‘मोबाइल काठ-संगणनात कामांची सुरक्षित, तरीही अल्पविलंब सोपवणूक’.