चार ट्रिपांची कमाई पाचव्या ट्रिपेत

"ताई, मी लातूरकडचा, शेती आहे. मित्रांसोबत गोव्याला गेलो की पणजीला मांडवीतल्या बोटीवरच्या कॅसिनोत बसतो. रूलेटवर, म्हणजे फिरत्या चकतीत गोळी कुठल्या घरात पडते त्या खेळावर, लाल नाहीतर काळं, दर डावाला ५००. नियम एकच, ५ हजार आले की उठायचं, २० हजार गेले की उठायचं. चार ट्रिपा जिंकून आलो. पाचव्यांदा २० गेले, मग काढून घेऊ म्हणून एटीएममधून अजून १५ काढले, तेही गेले. पैसे सोयाबीनच्या पट्टीचे होते, बायकोला माहीत नाही. लिमिट किती ठेवू?"

भाऊ, नियम मोडला म्हणून तुम्ही रडायलात, पण पाळला असता तरी हातात काय होतं? चार ट्रिपांचे पाच-पाच म्हणजे २०, अन् पाचव्या ट्रिपेत गेले २०. फिट्टमफाट! टार्गेट लहान अन् लिमिट मोठी ठेवली की असंच होतं, बऱ्याचदा थोडं थोडं येतं आणि एकदाच सगळं घेऊन जातं. कॅसिनोनं एक रुपया कापला नसता तरी हिशोबानं पाचात एकदा तुमचे २० जायचेच होते.

आणि ते कापतातच. एक शून्य असलेल्या रूलेटला ३७ घरं, लाल १८, काळी १८, उरलेलं हिरवं शून्य आलं की तुमचं लाल पण गेलं अन् काळं पण. १०० लावले की सरासरी २ रुपये ७० पैसे त्यांचे, दोन शून्यांचं टेबल असलं तर ५ रुपये २६ पैसे. समजा तासात ४० वेळा चकती फिरली, म्हणजे तुम्ही २० हजार लावले, तासाला ५४० रुपये सरासरी कटले, मोंढ्यात हमाली-तोलाई कापतात तसे. जिंकून उठलात त्या दिवशी पण ही कटती चालूच होती बरं का.

त्यामुळं जिंकायचं टार्गेट सोडूनच द्या. लिमिट ठेवा, पण ती जेवण-तिकिटासारखी खर्चात धरा, गेली तर गेली. आमचे मामा दिवाळीत पत्त्याला बसताना पाकीट मामीकडं द्यायचे आणि शंभराचे सुट्टे घेऊन बसायचे, संपले की उठून चहा मांडायचे, आम्ही लई हसायचो त्यांना. तुम्ही पण कार्ड अन् फोन रूमवर ठेवून जा, नुसती नोट न्या. लिमिट डोक्यात असली की रात्री एक वाजता ती वाढते, खिशात असली की संपते.

पण खरं सांगू, मला काळजी त्या २० ची नाही, नंतरच्या १५ ची आहे. गेलेलं काढायला म्हणून जे उठून एटीएमला गेलात ना, ते खेळणं नव्हतं. परत जायची हुरहूर लागत असेल, कुणाकडून उसने घ्यावे वाटत असेल तर १४४१६ वर फोन लावा, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. सध्या गोव्याची पुढची ट्रिप तेवढी कॅन्सल करा.

आणि वहिनींना याच आठवड्यात सांगा, पूर्ण ३५ चा आकडा सांगा, १५ चा नाही. खतवाल्याची उधारी द्यायची वेळ आली की त्या पट्टी मागणारच आहेत.