मुलगा म्हणतो, "आपल्या पूर्वजांनी भाकरीसाठी धर्म बदलला." ख्रिस्ती आईवडिलांनी त्याला काय उत्तर द्यावे?

आपण लिहिले आहे की अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या आपल्या मुलाने रविवारी उपासनेला येणे थांबवले आहे, आणि कारण विचारल्यावर त्याने दोन गोष्टी ऐकवल्या. मेलेला मनुष्य तिसऱ्या दिवशी उठत नाही हे शाळकरी मुलालाही कळते, ही पहिली. आणि आपल्या पूर्वजांनी दुष्काळात भाकरीसाठी धर्म बदलला, तेव्हा त्यात जपण्यासारखे काय आहे, ही दुसरी. पहिल्या प्रश्नाला उत्तर देणारे पुष्कळ भेटतील. दुसरा प्रश्न मी वयाच्या चौदाव्या वर्षापासून मनात बाळगून आहे, म्हणून आधी त्याविषयीच लिहितो.

आमचे घराणे अहमदनगर जिल्ह्यातले, आताच्या अहिल्यानगरचे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे केले आणि पुढच्या काळात आसपासच्या खेड्यांत, महार आणि मांग वस्त्यांतही, शाळा निघाल्या. अशाच एका शाळेत माझे पणजोबा अक्षरे शिकले आणि १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर त्यांनी बाप्तिस्मा घेतला. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. आमच्या घरी रोज रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना होत असे: 'उपासनासंगीत' या ख्रिस्ती गीतसंग्रहातले एक गीत, पवित्र शास्त्रातला एक उतारा आणि शेवटी वडिलांची प्रार्थना. उतारा वाचण्याचे काम माझ्या थोरल्या भावाचे, म्हणजे दादाचे होते, कारण घरात त्याचा आवाज सर्वांत स्वच्छ होता.

१९७९ साली दादा बारावी झाला. त्याला डॉक्टर व्हायचे होते, आणि खुल्या गटातून त्याची जागा थोड्या गुणांनी हुकणार हे निकाल हाती आला तेव्हाच दिसले. आमच्या भावकीतल्या एका घराने काही वर्षांपूर्वी मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' अशी नोंद करून घेतली होती आणि त्या घरातला, दादापेक्षा कमी गुण मिळालेला मुलगा सवलतीच्या जागेवर वैद्यकीय शिक्षण घेत होता. दादाने वडिलांना विनवले की एक शब्द बदलायचा आहे, रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जायला कोणी अडवणार नाही. आईसुद्धा त्याच्या बाजूने बोलली. वडिलांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले की त्या कागदावर माझी सही लागेल आणि ती मी करणार नाही.

त्या रात्री प्रार्थनेला बसल्यावर वडिलांनी नेहमीप्रमाणे पुस्तक दादाच्या हाती दिले. त्याने ते मिटून वडिलांसमोर परत ठेवले आणि म्हणाला, "पणजोबांनी भाकरीसाठी धर्म घेतला, आणि तुम्ही धर्मासाठी माझी भाकरी घालवली. यातले खरे कोणते ते सांगा, मग मी वाचतो." वडिलांनी उत्तर दिले नाही. त्यांनी पुस्तक उचलले आणि उतारा स्वतः वाचला. दादा बी. एस्सी. झाला, बँकेत लागला, त्याचा संसारही नीट झाला. परंतु त्या रात्रीनंतर तो प्रार्थनेला बसला नाही. वडील गेले तेव्हा दफनविधीला आला, पण गीत चालू होते तोपर्यंत कबरस्तानाच्या फाटकापाशीच उभा राहिला. तेच वाक्य तो आजही लग्नाकार्यांत चार नातेवाइकांसमोर म्हणून दाखवतो.

दादाच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याच वाक्यात होते, हे समजायला मला फार वर्षे लागली. राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा गणले जाणार नाही असे ठरवले. पुढे १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान मात्र बाहेरच राहिले. आमच्यासारख्या घरांना याचा अर्थ असा होता की गावाने आपली जात विसरायची नाही, विहिरीवर आणि लग्नाच्या पंगतीत ती आठवून द्यायची, आणि सरकारी कागदावर मात्र ती पुसली गेलेली असायची. १९५० नंतर भाकरी परत मिळवायचा रस्ता सरळ होता, एका रकान्यातला एक शब्द बदलण्याइतका. आमच्या पूर्वजांचा विश्वास भाकरीनेच विकत घेतलेला असता, तर तो त्या वर्षीच संपला असता. माझ्या वडिलांसारख्या हजारो शिक्षकांनी, परिचारिकांनी आणि शेतमजुरांनी मुलांच्या भवितव्याची किंमत मोजून तो शब्द तसाच ठेवला. पणजोबा कशासाठी आले याचा पुरावा नातवाने काय सोसले यात सापडतो, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि आपल्या मुलाला हे इतक्याच स्पष्टपणे सांगावे.

भुकेची लाज मात्र बाळगू नये. दुष्काळात उपाशी माणसे मिशनच्या दाराशी आली, ही गोष्ट खरी आहे आणि ती नाकारणे हाच खोटेपणा ठरेल. सगळीकडे ती सारखी घडली नाही, हेही सांगण्यासारखे आहे. तेलुगू प्रदेशात ओंगोल येथे जॉन क्लाऊ या अमेरिकन मिशनऱ्यांनी त्याच दुष्काळात मदतकार्य चालू असेपर्यंत बाप्तिस्मे थांबवून ठेवले होते, ते याच शंकेपोटी. पण बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय मुलासमोर उघडून ठेवावा. तेथे पाच हजार माणसे पोटभर जेवतात, दुसऱ्या दिवशी येशूला शोधत येतात, आणि तो त्यांना तोंडावर सांगतो की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून आला आहात. त्यानंतर तो स्वतःलाच जीवनाची भाकर म्हणवतो, ते बोलणे लोकांना जड जाते आणि पुष्कळ जण निघून जातात. मग उरलेल्या बारा शिष्यांना तो विचारतो की तुम्हीही जाणार का. 'भाकरीचे ख्रिस्ती' ही शिवी आपल्याला कोणी देण्याच्या फार आधी शास्त्राने तो प्रश्न स्वतःच विचारून ठेवला आहे, आणि आपण तो अध्याय मुलांना कधी नीट समजावून दिला नाही हा आपला दोष आहे. शिवाय माझे पणजोबा केवळ धान्यासाठी गेले असे मानणे हा त्यांच्या बुद्धीचा अपमान आहे. ज्या माणसाला पाटीवर हात टेकू दिला जात नव्हता, त्याला कोणी जवळ बसवून अक्षर गिरवायला लावले, तर त्याला देवाविषयी काहीतरी कळले असे म्हणायला हरकत नसावी. ख्रिस्ती मंडळीत येऊनही जात पूर्णपणे गेली नाही, सोयरिकी जमवताना ती आजही डोके वर काढते, आणि हे पाप आपण कबूल केलेच पाहिजे. मुलाच्या नजरेतून ते सुटलेले नसणार.

आता पुनरुत्थानाविषयी, म्हणजे येशू तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला याविषयी. मी एकतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. विश्वाच्या प्रसरणाची कल्पना १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते, असली उदाहरणे मुलाला देत बसू नये. त्यांतून काही सिद्ध होत नाही आणि हुशार मुले त्यांना कंटाळतात. मेलेली माणसे उठत नाहीत हे येशूचे शिष्य असलेल्या पहिल्या शतकातल्या कोळ्यांनाही ठाऊक होते, म्हणून तर ते घाबरून दार लावून बसले होते. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिले ते क्रूसावरील मृत्यूनंतर साधारण पंचवीस वर्षांत, आणि त्यात तो म्हणतो की पाचशेहून अधिक जणांना ख्रिस्त दिसला व त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. रिकाम्या कबरेची पहिली बातमी चारही शुभवर्तमानांत स्त्रिया आणतात, आणि त्या काळी स्त्रीच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. कथा रचणाऱ्याने साक्षीदार असे निवडले नसते. ही प्रयोगशाळेतली सिद्धता ठरत नाही. ही साक्ष आहे, तिचे वजन ज्याचे त्याने करायचे आहे, आणि त्याच पत्रात पौल स्वतः कबूल करतो की ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे.

मुलाला उपासनेला येण्याची सक्ती करू नये. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी तो सुमारे पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाने घेतला. त्या मधल्या वर्षांत त्या घराने काय सोसले ते 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नवऱ्याच्या धाकाने त्या आल्या असत्या, तर पुढची लक्ष्मीबाई आपल्याला मिळालीच नसती.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. वर दिलेला कायद्याचा युक्तिवाद आमच्यासारख्या घरांपुरता आहे. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक कुटुंबांचा इतिहास वेगळा आहे, आणि आपले घर तिकडचे असेल तर तो जसाच्या तसा वापरू नये. दुसरी गोष्ट मला अधिक जड जाते. ज्यांनी दाखल्यावर दुसरा शब्द लिहिला, त्यांना मी अनेक वर्षे खोटारडे म्हणत आलो. ते माझे चुकले. विश्वास आणि मुलाचे शिक्षण यांतले एक निवडायला लावणारा कायदा अन्यायी आहे, आणि त्या अन्यायाखाली वाकलेल्या गरीब माणसाचा न्याय करण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही.

कायद्याचा हा मुद्दा मी दादाला दोनदा सांगितला. पहिल्यांदा त्याने विषय बदलला. दुसऱ्यांदा तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "हे वडिलांनी त्या रात्री सांगायला हवे होते." वडिलांनी सही केली नाही हे योग्यच केले, असे मी आजही मानतो आणि शेवटपर्यंत मानीन, परंतु मुलाने विचारलेला प्रश्न त्यांनी तसाच सोडून उतारा वाचला, हे योग्य झाले नाही, आणि त्या बाबतीत मी दादाच्या बाजूने आहे. आपला मुलगा अजून आपल्याशी बोलतो आहे. घरातले जुने दाखले, बाप्तिस्म्याची नोंद, आजोबांच्या नोकरीचे कागद असतील ते काढून त्याच्यासमोर ठेवावेत आणि धर्माच्या रकान्यात काय लिहिले आहे ते त्याला स्वतः वाचू द्यावे. तेथे 'ख्रिस्ती' असेल, तर त्या शब्दापायी घराने काय गमावले ते सांगावे. दुसरे काही असेल, तर ते का लिहावे लागले तेही त्याच बैठकीत सांगावे.