नाउरूची राजधानी आणि इतर अडचणीचे प्रश्न

गेल्या अंकात जगातल्या चिमुकल्या देशांविषयीच्या उत्तरात मी प्रशांत महासागरातल्या नाउरूला दोन ओळींत उरकलं. "दोनदा त्या बेटावर माल भरायला गेलात म्हणता आणि लिहिता दोन ओळी?" असं एका वाचकाने सुनावलं. बरोबर आहे त्यांचं. त्यानंतर नाउरूबद्दल बरीच पत्रं आली, त्यामुळे या वेळचं सदर त्याच बेटाला.

चाचणीत मी 'नाउरूची राजधानी कोणती?' असा प्रश्न विचारला होता. अपेक्षित उत्तर 'यारेन'. एका मुलीने 'राजधानी नाही' असं लिहिलं. मी चूक दिली, तर दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत हजर. बरोबर काय? (एक शिक्षिका)

बाई, गुण देऊन टाका. नाउरूला अधिकृत राजधानी नाही. संसद, सरकारी कचेऱ्या आणि विमानतळ यारेन जिल्ह्यात आहेत, म्हणून यादी करणारे राजधानीच्या रकान्यात 'यारेन' लिहून मोकळे होतात. रकाना रिकामा ठेवायला माणूस धजावत नाही, एवढंच.

मुळात राजधानी हवी कशाला? अख्खा देश २१ चौरस किलोमीटरचा. किनाऱ्याने फिरणारा रस्ता साधारण १९ किलोमीटर, म्हणजे निघालो तिथेच अर्ध्या तासात परत. वस्ती बारा हजारांच्या आसपास, जिल्हे चौदा. विषुववृत्त उत्तरेला पंचावन्नेक किलोमीटरवर. सर्वांत जवळची जमीन म्हणजे पूर्वेला तीनशे किलोमीटरवरचं बनाबा, आणि ते किरिबातीचं. नाउरूचा झेंडा मुलांना जरूर दाखवा. निळ्या रंगावर पिवळी आडवी रेघ म्हणजे विषुववृत्त, आणि त्या रेघेच्या किंचित खाली बारा टोकांचा पांढरा तारा म्हणजे नाउरू. बारा टोकं बारा मूळ कुळांची. झेंड्यावरच नकाशा काढणारे देश फार नाहीत.

राजधानीपेक्षा तिथे बंदर नाही, हे जास्त महत्त्वाचं. बेटाभोवती प्रवाळाचा कठडा आहे आणि कठड्यापलीकडे समुद्राचा तळ एकदम खोल जातो. नांगर टाकायला तळच मिळत नाही. मी ऐंशीच्या दशकात थर्ड मेट (जहाजावरचा कनिष्ठ अधिकारी) म्हणून तिथे गेलो तेव्हा आमचं जहाज ऐवो जिल्ह्यासमोर तरंगत्या बोयांना दोरखंडांनी बांधलं होतं. खोल पाण्यातले ते बोये हीच तिथली गोदी. किनाऱ्यावरून दोन लांबलचक लोखंडी हात समुद्रावर यायचे, त्यांना कॅन्टिलिव्हर म्हणत. त्यांच्या पट्ट्यावरून फॉस्फेटची, म्हणजे खतासाठी खणलेल्या खनिजाची, भुकटी थेट होल्डमध्ये, जहाजाच्या पोटात, पडायची. फिक्या तपकिरी रंगाची, पिठासारखी. दाढीत, चहात, अंथरुणात, सगळीकडे.

पश्चिमेचा वारा सुटला की मात्र दोर सोडा आणि बाहेर निघा. पहिल्या खेपेला आम्ही नऊ दिवस बेटासमोर नुसते वाहत होतो. रोज संध्याकाळी किनाऱ्यावरचे दिवे दिसायचे आणि सकाळपर्यंत आम्ही दूर गेलेले असायचो. मग इंजिन चालू करून परत. असं नऊ वेळा.

फोनवर एक मजकूर फिरतो आहे. नाउरू म्हणे जगातला सर्वांत श्रीमंत देश होता, लोक आळशी झाले, सगळा पैसा उधळला आणि भिकेला लागले. यात तथ्य किती? (निवृत्त बँक अधिकारी)

घटना बऱ्याचशा खऱ्या, पण गोष्ट अर्धीच. मला हा मजकूर आत्तापर्यंत सात जणांनी पाठवला आहे आणि सातही वेळा त्याची सुरुवात १९६८ पासून, म्हणजे नाउरूच्या स्वातंत्र्यापासून, होते. आधीची साठ वर्षं गायब.

ती अशी. सिडनीतल्या एका कंपनीच्या कचेरीत दार अडवायला एक दगड ठेवलेला होता. नाउरूहून आणलेला, सगळे समजत की हे दगड झालेलं लाकूड आहे. १८९९ च्या सुमारास तिथे काम करणाऱ्या अल्बर्ट एलिस या तरुणाला शंका आली, त्याने तो तपासला आणि निघालं उत्तम प्रतीचं फॉस्फेट. बेट तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होतं. १९०७ मध्ये पहिली खेप निघाली. जमीनमालकाला मिळत होता टनामागे अर्धा पेनी. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने बेट घेतलं आणि नंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या तिघांनी मिळून ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स नावाची मंडळी नेमली. हे फॉस्फेट जागतिक बाजारभावाने विकलं जातच नव्हतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांना ते जवळपास उत्पादनखर्चात मिळायचं. त्या दोन देशांची हिरवी कुरणं, लोणी, लोकर यांत या बेटाची माती आहे. तुम्ही बँकेत होतात, तेव्हा याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मी अनुदान म्हणतो. देणारा गरीब होता आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मधे दुसरं महायुद्ध. १९४२ मध्ये जपानी आले. १९४३ मध्ये त्यांनी बाराशे नाउरूवासीयांना दूर त्रुक बेटांवर मजुरीला नेलं. परत आले ७३७. ते बेटावर उतरले तो दिवस ३१ जानेवारी १९४६. नाउरूने पुढे आपल्या स्वातंत्र्यासाठी मुद्दाम तीच तारीख निवडली, ३१ जानेवारी १९६८. फोनवरच्या मजकुरात हे का नसतं?

स्वातंत्र्याआधी ऑस्ट्रेलियाने एक तोडगाही काढला होता. बेट खणून संपणारच आहे, तर सगळ्यांनी क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगतच्या कर्टिस बेटावर राहायला यावं. नाउरूचे पुढारी हॅमर डीरॉबर्ट यांनी विचारलं, तिथे आमचं राज्य असेल का? उत्तर नकारार्थी आलं. १९६४ मध्ये त्यांनी प्रस्ताव परत पाठवला. मग २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून आपल्याच बेटावरची यंत्रसामग्री विकत घेतली आणि १९७० पासून खाण स्वतः चालवायला घेतली. डीरॉबर्ट पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

आता उधळपट्टीकडे येऊ, कारण ती झाली हेही खरंच आहे. मेलबर्नमध्ये ५२ मजली नाउरू हाउस उभं राहिलं (फॉस्फेट पक्ष्यांच्या विष्ठेतून झालं असं समजत, म्हणून तिथल्या लोकांनी त्याला पक्ष्यांच्या विष्ठेचा मनोरा असं खवचट नाव दिलं होतं). एवढ्याशा देशाची स्वतःची जेट विमानं होती आणि ती बऱ्याचदा रिकामी उडायची. १९९३ मध्ये लिओनार्दो द विंचीवरच्या एका संगीत नाटकात लंडनला पैसे घातले, ते काही आठवड्यांत बंद पडलं. फॉस्फेटचा पैसा पुढच्या पिढ्यांसाठी ठेवायला ट्रस्ट होता. त्यातून गुंतवणूक झाली, गुंतवणुकीवर कर्ज काढलं, कर्ज फेडायला आणखी कर्ज. पुढचं तुम्हाला मी सांगायला नको. २००४ मध्ये मेलबर्नची इमारत गेली, २००५ मध्ये उरलेलं एकमेव विमान सावकारांनी नेलं. मधल्या काळात शेकडो बँका नाउरूत फक्त कागदावर नोंदल्या होत्या, एकाच टपालपेटीच्या पत्त्यावर.

पण यात आळशीपणा कुठे आला? बारा हजारांच्या देशात गुंतवणूक समजणारे किती असणार? सल्ले देणारे बरेचसे बाहेरचे होते, आणि त्यांची फी आधी जात होती.

दुसऱ्या खेपेला मी एका कामगाराबरोबर ट्रकमधून वर गेलो होतो. बेटाच्या मधल्या पठाराला तिथे 'टॉपसाइड' म्हणतात. वरची माती काढून घेतल्यावर खाली राहतात चुनखडीचे सुळके, माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच, करडे, एकमेकांना खेटून. सुळक्यांच्या मधल्या फटींत क्रेनची बकेट घालून भुकटी उपसत होते. सावली नाही. त्या माणसाने एका बाजूला बोट दाखवून सांगितलं, ती आमच्या आईची जमीन. मी त्या दिशेने पाहिलं, तर बाकीच्यासारखीच दिसत होती. त्याला मात्र हद्द माहीत होती. आज बेटाचा सुमारे ऐंशी टक्के भाग असा आहे.

यातला एक तृतीयांश स्वातंत्र्याआधीच खणून झाला होता. तो दुरुस्त कुणी करायचा, यासाठी नाउरूने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. १९९३ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली, १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची. उरलेला दोन तृतीयांश नाउरूने स्वतःच्या हाताने खणला, हेही लिहिलंच पाहिजे.

तिथे मतांचे अपूर्णांक मोजतात असं वाचलं. हे खरं आहे का? (विधी शाखेचा विद्यार्थी)

खरं आहे, आणि मला हा प्रश्न फार आवडला. मतदार सगळ्या उमेदवारांना क्रमांक देतो. पहिल्या पसंतीला १ गुण, दुसरीला १/२, तिसरीला १/३, चौथीला १/४. डेस्मंड डाउडॉल या आयरिश अधिकाऱ्याने १९७१ मध्ये ही पद्धत बसवून दिली, म्हणून तिला त्याचं नाव.

कागद-पेन्सिल घ्या. जागा दोन, उमेदवार अ, ब, क, मतदार १००. चाळीस जणांनी अ-ब-क असा क्रम दिला, पस्तीस जणांनी क-ब-अ, पंचवीस जणांनी ब-अ-क. बेरीज करा: अ ला ६४.१७, ब ला ६२.५०, क ला ५६.६७. निवडून आले अ आणि ब. पहिल्या पसंतीत ब तळाशी होता, पण कुणीही त्याला तिसरा ठेवला नव्हता. आपल्याकडच्या पद्धतीत दोन जागा असत्या तर अ आणि क गेले असते.

संसदेत पूर्वी १८ सदस्य होते. २०१० मध्ये ९ विरुद्ध ९ असे दोन तट पडले. निवडणूक घेतली, तर तेच अठरा जण परत निवडून आले. पुन्हा घेतली, तरी गाडं सुटेना. महिनोन्‌महिने अडल्यावर वर्षअखेरीस सभापती मिळाला. शहाणपण सुचून २०१३ पासून १९ जागा केल्या. पक्ष जवळपास नाहीतच; नाती आणि माणसं आहेत. राष्ट्राध्यक्ष संसद निवडते आणि अविश्वास ठरावाने काढतेही. बर्नार्ड डोवियोगो सात वेळा राष्ट्राध्यक्ष झाले. थेट जनतेने राष्ट्राध्यक्ष निवडावा का, असं २०१० मध्ये सार्वमत घेतलं, तर लोकांनी नको म्हटलं. सध्याचे डेव्हिड अडियांग ऑक्टोबर २०२३ मध्ये आले.

तुमच्या विषयातलं आणखी एक. २०१८ पर्यंत नाउरूच्या सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांवर अपील चालायचं ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात. एका सार्वभौम देशाचं अपील दुसऱ्या देशात.

फॉस्फेट संपत आलं, मग आज खातात काय? (एक व्यापारी)

मासे, पण स्वतः पकडून नव्हे. नाउरूच्या हक्काचा समुद्र तीन लाख चौरस किलोमीटरहून मोठा आहे आणि त्यात टूना आहे. आठ देशांनी एकत्र येऊन परदेशी जहाजांना मासेमारीचे दिवस विकायला सुरुवात केली. एका जहाजाचा एक दिवस, किमान ८,००० अमेरिकन डॉलर. मासा मिळो न मिळो. या गटाचा मूळ करार १९८२ चा आणि त्याचं नावच नाउरू करार. धंद्याच्या दृष्टीने मला हे फॉस्फेटपेक्षा हुशारीचं वाटतं, कारण माल परत येतो.

दुसरं उत्पन्न ऑस्ट्रेलियाकडून. बोटीने येणाऱ्या आश्रयार्थींना ऑस्ट्रेलियाने २००१ पासून नाउरूत ठेवलं, २००८ मध्ये केंद्र बंद केलं, २०१२ मध्ये पुन्हा उघडलं. त्यातून नोकऱ्या आल्या आणि बदनामीही. तिसरं म्हणजे मैत्री. मान्यता तैवानला द्यायची की चीनला, यावर नाउरूने २००२, २००५ आणि २०२४ मध्ये बाजू बदलली. लोक हसतात. मी हसत नाही. विकायला ज्याच्याकडे मोजक्याच वस्तू आहेत, तो त्या नीट विकणारच. डिसेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाशी १४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा करार झाला, त्यात सुरक्षा, बँका, दूरसंचार यांबाबत ऑस्ट्रेलियाला विचारण्याची अट आहे. चलन तर ऑस्ट्रेलियन डॉलरच.

पाणी? नदी नाही. आज खाऱ्याचं गोडं करतात. पूर्वी फॉस्फेट नेणारी जहाजं येताना पोटात गोडं पाणी भरून आणत. माती न्यायची, पाणी आणायचं.

बेट बुडणार का? (इयत्ता नववी)

तुवालू या सखल बेटदेशासारखं नाही, मित्रा. नाउरूचं पठार सहजी बुडण्याइतकं सखल नाही. पण लोक राहतात किनाऱ्याच्या अरुंद पट्टीवर, आणि धोका तिथेच आहे. वर जावं, तर वर ते सुळके. म्हणून सुळके फोडून, जमीन सपाट करून वर घरं बांधायची योजना आहे. पैशासाठी २०२५ पासून नाउरू नागरिकत्व विकतं आहे.

ते नागरिकत्व आपल्याला मिळेल का? (नाव छापू नये ही विनंती)

मिळेल. योजना सुरू झाली तेव्हा किमान रक्कम १,०५,००० अमेरिकन डॉलर होती. मात्र भारतात दुहेरी नागरिकत्व चालत नाही, त्यामुळे इथलं नागरिकत्व संपेल आणि इथला पासपोर्ट परत करावा लागेल. नाव छापलेलं नाही.