१० बाय १२ फुटांच्या कप्प्यात १०० किलोपर्यंत वाढवायला किती डुकरं ठेवावीत? दाटीने वाढ खरंच कमी होते का?

तुम्ही २५ किलोची १५ पिल्लं आणायचं म्हणताय. मी ८ सांगेन. खाली काँक्रीट, वर पत्रा आणि बाहेर मोकळं आवार नाही, असं धरून हा हिशेब आहे.

१२० चौरस फुटांतून आधी गव्हाण वजा करा. १० फुटांच्या भिंतीला दीड फुटाची गव्हाण बांधली की उरतात १०५ चौरस फूट. १५ जनावरांत वाटली तर प्रत्येकी ७. युरोपियन युनियनच्या नियमातही ८५ ते ११० किलोच्या डुकराला ०.६५ चौरस मीटर, म्हणजे ७ चौरस फूटच आहेत. तुमचा आकडा बहुधा तिथूनच आला असावा. पण ती कायद्याने घातलेली किमान मर्यादा आहे, आणि तिकडे बहुतेक शेडमध्ये लेंडी-मूत्र खाली पडून जाणारी फटींची जमीन आणि पंखे असतात.

जागेची गरज वजनाच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. वजन दुप्पट झालं की जागा साधारण ६० टक्क्यांनी जास्त लागते. सूत्र असं: वजनाचा (किलो) दोन-तृतीयांश घात (म्हणजे वर्ग करून त्याचं घनमूळ) काढा आणि गुणकाने गुणा, उत्तर चौरस मीटरमध्ये येतं. गुणक ०.०३४ च्या खाली गेला की खाणं आणि वाढ घटायला लागते. सगळ्यांना एकाच वेळी कुशीवर पाय पसरून झोपायचं असेल तर ०.०४७ लागतो. १०० किलोला पहिल्या गुणकाने जवळपास ८ चौरस फूट येतात, दुसऱ्याने जवळपास ११. डुकराला घाम जवळजवळ येत नाही, अंगातली उष्णता तो गार जमिनीला अंग टेकवून घालवतो. त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुसराच गुणक धरायचा. १०५ ला ११ ने भागलं की ९ बसतात; हगायला वेगळा कोपरा राहावा म्हणून मी ८ धरतो.

तुमची १५ पिल्लं महिनाभर मजेत दिसतील. ५० किलोच्या आसपास सगळ्यांना कुशीवर पडता येणार नाही, ८५ च्या पुढे वाढीचा वेग पडेल. म्हणजे फटका बसतो तो नेमका शेवटी, खाद्याचा खर्च सर्वात जास्त असताना.

दाटीचं पहिलं लक्षण वजनकाट्यावर नाही, जमिनीवर दिसतं. जागा असली की डुक्कर स्वतःच हगायचा कोपरा वेगळा ठेवतो. दाटी किंवा उकाडा झाला की सगळा कप्पा ओला होतो, अमोनियाने डोळे चुरचुरतात, खूर झिजतात. मग शेपट्या चावणं सुरू होतं. खाद्यही नुसतं कमी होत नाही, त्याची वाटणी बिघडते: दांडगे आधी खातात आणि मागची दोन-तीन खुरटतात. सरासरी वजन बघून हे कळत नाही, म्हणून सर्वात लहान जनावर वेगळं मोजा.

गव्हाणीचाही हिशेब ८ वरच येतो. हॉटेलचं उरलेलं किंवा वेळेवर मोजून खाद्य देणार असाल तर सगळी एकदम तोंड घालतात, आणि १०० किलोच्या डुकराला १ फुटाहून थोडी जास्त रुंदी लागते. १० फुटांत ८ ते ९, बस्स. पाण्याचं निपल (डुक्कर तोंडाने दाबून पाणी पितो ती तोटी) ८ जनावरांना एक चालेल, पण दोन बसवा. एक तुंबलं तर दुपारपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही गव्हाणीच्या समोरच्या टोकाला हवीत, कारण जिथे ओल तिथेच डुक्कर घाण करतो. जमिनीला उतारही तिकडेच, दर ३ फुटांना १ इंच.

उलटी चूकही होते. २५ किलोच्या ८ पिल्लांना पूर्ण कप्पा मोकळा दिला तर ती कुठेही घाण करतात आणि ती सवय जात नाही. पहिला महिना फळ्या लावून निम्मा कप्पा बंद ठेवा.

१० आणायचीच असतील तर सर्वात मोठी दोन ७५-८० किलोला विकून टाका. काढायला हरकत नाही; मधेच नवीन मात्र घालू नका, मारामाऱ्या होतात.

मादी ठेवायचंही विचारलंय. या कप्प्यात पिल्लांसह एकच मावेल, आणि भिंतीपासून व जमिनीपासून ८ ते १० इंचांवर लोखंडी पाइप बसवल्याशिवाय तिला आत घेऊ नका, नाहीतर ती भिंतीला टेकून बसताना पिल्लं चिरडतात.

आठ आणल्यावर उन्हाळ्यात दुपारी दोनला एकदा आवाज न करता डोकावा. सगळी कुशीवर पसरलेली, अंगावर अंग नाही आणि पाठी कोरड्या असतील तर जागा पुरतेय.