कांजिण्यांची लस मोठ्यांनी घ्यावी का? माझं उत्तर, अनुभवासह

ताई, तुमचं म्हणणं मला कळलं ते असं: वय 33, मुलगा साडेतीन वर्षांचा, त्याला कांजिण्यांच्या लशीचा एकच डोस झालाय आणि त्याच्या बालवाडीत दोघा मुलांना कांजिण्या निघाल्यात. तुम्हाला लहानपणी येऊन गेल्या की नाही, नक्की ठाऊक नाही. वर्षभरात दुसऱ्या बाळाचा विचार आहे. नवऱ्याला येऊन गेल्यात. सासूबाई म्हणतात, एकदा होऊन गेलेल्या बऱ्या, मोठ्या माणसाने कसली लस टोचून घ्यायची.

उत्तर आधीच सांगून टाकतो. तुम्हाला येऊन गेल्या नसतील तर लस घ्या, आणि दिवस राहायच्या आधी घ्या. मी डॉक्टर नाही. पण मला स्वतःला 38व्या वर्षी कांजिण्या झाल्या, आणि तेव्हा बायकोला पाचवा महिना चालू होता. त्या महिन्यात जे पाहिलं आणि नंतर डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं, त्यातून हे लिहितोय.

2014 ची होळी नुकतीच झाली होती. आमची थोरली तेव्हा पहिलीत. एका सकाळी तिला आंघोळ घालताना पाठीवर चार-पाच फोड दिसले, संध्याकाळपर्यंत पोटावर, मानेवर, केसांत. ताप दोन दिवस आला आणि गेला. चौथ्या दिवशी ती गुलाबी कॅलामाइनमध्ये कापूस बुडवून बाहुलीच्या अंगावर ठिपके काढत बसली होती. खाज सोडली तर पोरगी ठीक होती. आम्हीही निर्धास्त झालो. तिला वेगळं झोपवलं होतं, पण त्याचा फार उपयोग नव्हता, कारण पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण पसरायला लागते आणि शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत चालू राहते. ज्यांना आधी झालेल्या नाहीत अशी दहा माणसं एका घरात असतील तर नऊ जणांना होतात, इतका हा विषाणू झपाट्याने पसरतो.

बरोबर पंधराव्या दिवशी मला कणकण आली. कंबर अशी धरली की खुर्चीतून उठवेना. दुसऱ्या दिवशी दाढी करताना गळ्यापाशी एक फोड दिसला, चटका बसल्यावर येतो तसा, पाण्याने भरलेला. रात्री छातीवरचे मोजायला घेतले, शंभरावर गेल्यावर सोडून दिलं. डोक्यात इतके की उशीवर डोकं टेकवता येईना. तोंडात, घशात, पापणीच्या आतसुद्धा. मऊ भातही गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. माझी आई जुनी माणसं करतात तसं मायेनं सगळं करत होती: अंथरुणाखाली कडुनिंबाचा पाला, घरात फोडणी बंद, जुन्या मऊ लुगड्याची चादर. त्या पाल्याच्या पाण्याने अंग पुसलं की खरंच बरं वाटायचं, हे मला आवर्जून सांगायचंय. पण देवी आली की औषध घ्यायचं नसतं, या तिच्या शब्दाखातर मी तीन दिवस दुखणं अंगावर काढलं, आणि तिथे चुकलो. मोठ्या माणसाला पुरळ उठल्यापासून 24 तासांच्या आत असायक्लोविर या विषाणूविरोधी औषधाच्या गोळ्या सुरू केल्या तर त्यांचा चांगला उपयोग होतो. मी ती वेळ घालवली.

पाचव्या दिवशी कोरडा खोकला सुरू झाला. एक जिना चढलो आणि मध्येच पायरीवर बसावं लागलं. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांत बारीक ठिपके. मोठ्यांच्या कांजिण्यांत फुप्फुसाला सूज येणं हा सगळ्यांत धोक्याचा प्रकार. सिगारेट ओढणाऱ्यांना आणि गरोदर बायकांना त्याची भीती जास्त. मी तेव्हा ओढायचो. सहा दिवस दवाखान्यात काढले, दर आठ तासांनी सलाइनमधून असायक्लोविर. घरी आल्यावर महिनाभर बाजारहाटालाही धाप लागायची.

लहानपणी सोपं जाणारं हेच दुखणं मोठेपणी वेगळं असतं. अमेरिकेतले लस येण्यापूर्वीचे आकडे बघा: 1 ते 14 वर्षांच्या मुलांत लाख रुग्णांमागे साधारण एक मृत्यू, आणि तिशी-चाळिशीतल्यांत लाखामागे वीसहून जास्त. आकडा तसा लहान आहे, घाबरवायला देत नाही. पण सासूबाईंच्या म्हणण्याला उत्तर यातच आहे. ‘एकदा होऊन गेलेल्या बऱ्या’ हे पाच वर्षांच्या मुलाबद्दल म्हटलेलं वाक्य आहे, 33 वर्षांच्या आईला ते लागू पडत नाही. शिवाय होऊन गेल्या म्हणजे संपल्या असंही नसतं. तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबून राहतो आणि पन्नाशी-साठीत, किंवा अंगातली ताकद कमी झाली की, नागीण होऊन वर येतो. आपल्याकडे पुष्कळांना नागीण हा वेगळाच रोग वाटतो. घरातल्या आजीला नागीण झाली असेल तर तिच्या फोडांतून न झालेल्या माणसाला कांजिण्या होऊ शकतात, हेही लक्षात ठेवा.

आता बायकोचं. माझ्या अंगावर फोड दिसले त्या दिवशी तिच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: ‘तुम्हाला लहानपणी आल्या होत्या का?’ तिला आठवेना. गरोदरपणात लस देता येत नाही, कारण ती जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. रक्तात कांजिण्यांशी लढणाऱ्या अँटिबॉडी आहेत का हे बघणारी, व्हॅरिसेला आयजीजी नावाची चाचणी केली आणि रिपोर्टची वाट बघत तीन दिवस काढले. पहिल्या वीस आठवड्यांत आईला कांजिण्या झाल्या तर शंभरातल्या एक-दोन बाळांत व्यंग राहू शकतं: हातपाय खुरटणं, डोळ्यांत, मेंदूत दोष. आणि बाळंतपणाच्या आगेमागे, म्हणजे पाच दिवस आधी ते दोन दिवस नंतर, आईच्या अंगावर पुरळ उठलं तर नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतं. त्या तीन दिवसांत हे सगळं मला कळलं, खाटेवर पडल्या पडल्या. रिपोर्ट चांगला आला, अँटिबॉडी होत्या. पुढे माझ्या सासूबाईंशी बोलताना कळलं की बायकोच्या भुवईजवळचा बारीक खड्डा कांजिण्यांचाच. तो खड्डा मी दहा वर्षं बघत होतो.

म्हणून तुम्हाला पहिलं काम सांगतो: आईला फोन करा, आणि नुसतं ‘मला आल्या होत्या का’ असं विचारू नका. आपल्याकडे गोवर, कांजिण्या, कांजिण्यांसारखं काहीही, सगळ्याला ‘देवी आली’ म्हणून मोकळे होतात. विचारा, फोडांत पाणी होतं का? काही फोड ताजे आणि काही खपली धरलेले, असे एकाच वेळी होते का? खूप खाजत होतं का? सुरुवात छाती-पाठीवरून झाली का? हे जुळलं तर कांजिण्या. नुसतं लाल पुरळ, सोबत खोकला आणि लालभडक डोळे असं सांगितलं तर तो गोवर असणार. भावंडांना त्याच सुमाराला आल्या होत्या का, तेही विचारा. आणि डाव्या दंडावरच्या व्रणावर विसंबू नका. तुमच्या वयाच्या माणसाचा तो व्रण देवीच्या लशीचा नसून बीसीजीचा, क्षयाच्या लशीचा असतो. देवीचा रोग, म्हणजे स्मॉलपॉक्स, 1980 साली जगातून गेल्याचं जाहीर झालं, आणि देवीची लस कांजिण्यांना तशीही चालत नाही. दोन्हींचे विषाणू वेगळे.

एक गोष्ट मला उशिरा कळली. थंड देशांत बहुतेक मुलांना वयात येईपर्यंत कांजिण्या होऊन जातात. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांत तसं नाही, बरेच जण न होताच मोठे होतात. त्यामुळे ‘आपल्याकडे सगळ्यांना होऊनच जातात’ हे गृहीत धरू नये.

आईला खात्रीने आठवलं नाही तर चाचणी करायची की सरळ लस? माझं मत सांगतो. सध्या मुलाच्या अंगावर काही नाही आणि हाताशी आठवडा आहे, तर आयजीजी करून घ्या. लशीचा एक डोस साधारण दोन हजारांना पडतो, मोठ्यांना दोन लागतात, त्यामानाने चाचणी स्वस्त, आणि अँटिबॉडी निघाल्या तर विषय तिथेच मिटला. पण मुलाला फोड दिसलेच, तर रिपोर्टची वाट बघत बसू नका. संपर्क आल्यापासून तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत पहिला डोस घेतला तर रोग टळतो किंवा हलका जातो. आधी होऊन गेलेल्या माणसाने लस घेतली तरी अपाय काही नाही.

पण त्याआधी एक खात्री हवी: तुम्हाला दिवस गेलेले नाहीत ना. पाळीची तारीख पुढे गेली असेल तर घरी तपासून मगच दवाखान्यात जा. दोन डोसमध्ये किमान चार आठवड्यांचं अंतर, आणि दुसऱ्या डोसनंतर किमान महिनाभर गर्भधारणा टाळायची. काही कंपन्यांच्या माहितीपत्रकात तीन महिने लिहिलेले असतात. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ जो काळ सांगतील तो पाळा. म्हणजे बाळाचा विचार दोन ते चार महिने पुढे जातो, तुमच्या वर्षभराच्या बेतात हे सहज बसतं. चुकून मध्येच दिवस राहिले तर घाबरून काही निर्णय घेऊ नका, केवळ त्या कारणाने गर्भपात करायचा नसतो; डॉक्टरांना सांगा आणि दुसरा डोस बाळंतपणानंतर घ्या. अंगावर पाजत असतानाही ही लस चालते.

दुसरा डोस टाळू नका, हे हात जोडून सांगतो. मोठ्यांत एका डोसने साधारण चारातल्या तिघांना पुरेशी ताकद येते, दोन झाले की जवळपास सगळ्यांना. पहिला डोस घेतला त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढची तारीख लिहून ठेवा. आणि नंतर ‘लागू पडली का’ म्हणून आयजीजी करत बसू नका, नेहमीच्या चाचण्यांत लशीने आलेली ताकद बऱ्याचदा दिसतच नाही.

लस मिळते ती बहुधा लहान मुलांच्या डॉक्टरांकडे. मुलाला जिथे टोचलं तिथेच फोन करून विचारा. बाटलीत तळाशी कोरडी वडी असते, तुमच्यासमोर त्यात पाणी घालून हलवतात आणि दंडाच्या कातडीखाली टोचतात. मिसळल्यावर लगेच द्यायची असते आणि तोवर थंड ठेवावी लागते, तेव्हा आधीच मिसळून ठेवलेली असेल तर घेऊ नका. नंतर दंड दुखेल, एखादा दिवस ताप येईल. काहींना महिन्याभरात चार-दोन फोडही येतात. आले तर झाकून ठेवा आणि गरोदर बाईपासून, केमो घेणाऱ्या माणसापासून तेवढे दिवस लांब राहा. सहा आठवडे अ‍ॅस्पिरिन घ्यायचं नाही. केमो, अवयव-प्रत्यारोपण, जास्त मात्रेची स्टेरॉइड्स किंवा निओमायसिन (एक अँटिबायोटिक), जिलेटिनची जबर अ‍ॅलर्जी असेल तर ही लस नाही. एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची) वगैरे दुसरी जिवंत लस घ्यायची असेल तर एकाच दिवशी, नाहीतर चार आठवड्यांच्या अंतराने.

लस नवी आहे का, ही शंका सासूबाईंना असेल तर सांगा, जपानात ताकाहाशी नावाच्या डॉक्टरांनी ती 1974 मध्ये तयार केली. त्यांच्या मुलाला कांजिण्यांनी फार त्रास झाला होता, तिथून त्यांनी हे काम हाती घेतलं. अमेरिकेत 1995 पासून देतात. तिथे ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीत मोठ्या माणसांनाही या लशीचा नाहीतर रोग होऊन गेल्याचा पुरावा मागतात, माझ्या आतेभावाने त्यासाठीच घेतली. आपल्या सरकारी मोफत लसीकरणात ती नाही, म्हणून ‘गरजेची नसणार’ असं आम्ही धरून चाललो आणि थोरलीलाही दिली नव्हती. बालरोगतज्ज्ञांची संघटना मात्र मुलांना दोन डोस द्यायला सांगते.

त्यावरून तुमच्या मुलाचं. पहिल्या डोसला तीन महिने होऊन गेले असतील तर त्याचा दुसरा डोस आत्ताच देता येतो, चार-पाच वर्षांचा होईपर्यंत थांबायची गरज नाही. वर्गात कांजिण्या निघाल्यात, तेव्हा या आठवड्यातच डॉक्टरांना विचारा. लागण झाली असली तर फोड दिसायला 10 ते 21 दिवस जातात, तोवर रोज आंघोळीच्या वेळी पाठ आणि केसांतली कातडी बघत जा. ताप आलाच तर पॅरासिटामॉल द्या, अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही, आयब्युप्रोफेनही टाळा.

चाचणीचा रिपोर्ट आला की इथेच कळवा. आईने नक्की काय सांगितलं तेही लिहा, त्यावरून पुढचं बोलू.